‘सगळं मूळ’ म्हणून आलेला टी मॉडेलचा इग्निशन संच: खोकी उघडून पाहिल्यावर

फोर्डची टी मॉडेल गाडी पुन्हा उभी करायला घेतलेल्या आणि इग्निशनचा जुना संच विकत घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. आमच्याकडे आलेल्या संचात चार कॉइल, एक टायमर, टायमरची वायरिंग, चार स्पार्क प्लग आणि सुट्या पॉइंटचं एक पाकीट होतं. जाहिरातीत शब्द होते, ‘१९२१ सालचा मूळ संच, न वापरलेला, कारखान्यातून निघाला तसाच.’

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पाचपैकी तीन तारे. संच चालतो, थोडी मेहनत घेतली तर चांगला चालतो. पण ‘सगळं मूळ’ हे खरं नाही. चार कॉइलपैकी दोन खऱ्या जुन्या, एक जुन्या खोक्यात नवा कंडेन्सर घातलेली आणि एक नखशिखांत नवी. टायमर जुना खरा, पण चांगला वापरलेला. वायरिंग नवी. प्लग तीन जुने, एक नवा. हे मी अंदाजाने म्हणत नाही. एकेक वस्तू हातात घेऊन, काही उघडून, काही मीटरवर लावून बघितली आहे.

मी मूळचा वाइंडिंगवाला. पंपाच्या मोटरी, डायनामो, सेल्फ भरण्यात चौतीस वर्षं गेली. त्यामुळे डांबर, चपडा, अभ्रक, फायबर, सुती फीत ही माझी रोजची माणसं आहेत असं म्हटलं तरी चालेल. जुनी गाडी माझी नाही. ती एका बाईंच्या आजोबांची आहे. त्यांनी गाडी माझ्या स्वाधीन केली तेव्हा एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

“काका, गाडी चालली पाहिजे हे आहेच. पण आजोबांच्या वेळचं काय आणि आपण नंतर घातलेलं काय, हे मला माझ्या मुलीला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.”

“ताई, मग जे नवं घालीन त्याच्यावर चिठ्ठी लावून देतो,” मी म्हटलं. तिथूनच ही सगळी तपासणी सुरू झाली.

आधी हे इग्निशन काय आहे ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय कुठला भाग खरा असण्याला महत्त्व आहे ते कळत नाही. टी मॉडेलमध्ये मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाने वीज तयार करणारं यंत्र, वेगळा टांगलेला नसतो. फ्लायव्हीललाच इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे १६ कायमचे चुंबक बोल्टने बसवलेले असतात आणि त्यांच्यासमोर एका स्थिर कड्यावर १६ गुंडाळ्या असतात. इंजिन फिरलं की या गुंडाळ्यांत कमी दाबाची एसी वीज तयार होते, वेग वाढला की अठ्ठावीस-तीस व्होल्टपर्यंत. ती डॅशवरच्या पेटीतल्या चार कॉइलना जाते, प्रत्येक सिलिंडरला एक. पुढे कॅमशाफ्टच्या टोकाला टायमर असतो. त्याच्यातला रोलर फिरत एकेका पट्टीला टेकतो आणि त्या-त्या कॉइलचं सर्किट बॉडीला जोडून पूर्ण करतो. सर्किट पूर्ण झालं की कॉइलच्या डोक्यावरची पोलादी पट्टी थरथरायला लागते, तिच्यावरच्या टिकल्यांशी, म्हणजे पॉइंटशी, प्राथमिक वीज भराभर तुटते-जुळते आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. ठिणगी पडते ती अशी. पेटवण्याचा क्रम १-२-४-३. ठिणगी लवकर की उशिरा हे स्टिअरिंगखालच्या डाव्या दांडीने ठरवायचं. हँडल मारण्याआधी ती दांडी मागे घ्यायला विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. म्हणून टायमर आणि कॉइल शोभेच्या वस्तू नव्हेत. चालवणाऱ्याच्या हाताची सुरक्षितता त्यांच्यावर असते.

आता कॉइल. संचातला जीव यांच्यातच आहे, म्हणून यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ओळखीसाठी मी त्यांना अ, ब, क, ड अशा खडूने खुणा केल्या.

बाहेरून चारही सारख्या. गडद तपकिरी लाकडी खोकी, कोपऱ्यांना बोटांत बोटं अडकवावीत तसा जोड, वर पितळी पट्टी, बाजूला आणि तळाला पितळी बटणं. टेबलावर ओळीने ठेवल्या तेव्हा मलाही वाटलं, चला, छान काम झालं. मग ड कॉइल उन्हात नेऊन कोपऱ्याच्या जोडावर भिंग धरलं.

लाकूड जुनं होतं तेव्हा ते उघड्या बाजूने काळवंडतं. हात लागतो तिथे जास्त, झाकलेलं असतं तिथे कमी. बोटाच्या जोडात आडवं कापलेलं लाकूड आणि उभं लाकूड शेजारी-शेजारी येतं. खऱ्या जुन्या खोक्यात दोन्हींवर काळाचा रंग जवळपास सारखा चढतो, कारण तो हवेने आणि उजेडाने चढलेला असतो. रंग लावून म्हातारं केलेल्या लाकडात आडव्या कापाची तोंडं रंग पिऊन घेतात. ती काळीकुट्ट होतात आणि उभं लाकूड फिकं राहतं. ड कॉइलच्या कोपऱ्यात असा बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा नमुना स्पष्ट दिसत होता. पितळी बटणाच्या कडेखालीही तोच रंग गेलेला. म्हणजे आधी रंग, मग बटण. अ आणि ब कॉइलच्या बटणाची कड जरा उचलून पाहिली तर खाली लाकूड चक्क गव्हाळ होतं.

एवढ्यावर निकाल देणं बरं नव्हे, म्हणून आट्यांकडे वळलो. अ कॉइलच्या पॉइंटवरचा पितळी नट काढून ड कॉइलच्या खुंटीवर लावून पाहिला. दीड वेढा गेला आणि अडकला. त्या काळचे अमेरिकन आटे इंचाच्या हिशोबाचे होते. ड कॉइलच्या खुंटीवरचे आटे मिलिमीटरचे निघाले. नट जबरदस्तीने फिरवू नका, मूळ नटाचे आटे जातील. दीड वेढ्यात जे कळायचं ते कळतं.

शेवटची साक्ष पोटातल्या मसाल्याची. या कॉइलच्या पोटात गुंडाळी आणि कंडेन्सर ठेवून वरून डांबर ओतलेलं असायचं. डांबराचा तुकडा थंडीत टिचतो, तुटलेल्या जागी काचेसारखी चकाकी आणि शिंपल्यासारखी गोल लाट दिसते. तोच तुकडा तळहातात धरून ठेवला की हळूहळू मऊ पडतो आणि रस्त्याच्या कामाच्या वेळी येतो तो ओळखीचा वास देतो. ड कॉइलमधला काळा मसाला तळहातात अर्धा तास धरला तरी ढिम्म. वासही नाही. तो काळा रंग घातलेला इपॉक्सी होता.

क कॉइलची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती आवडली. खोकं खरं, लाकडावरचा काळ खरा, पितळ खरं. पण एका बाजूची फळी कधीतरी काढून परत चिकटवलेली होती. गोंदाची कड नखाला लागत होती. आत जुन्या कागदी कंडेन्सरच्या जागी ०.४७ मायक्रोफॅरडचा आजकालचा फिल्म कंडेन्सर होता. ही दुरुस्ती कुणीतरी मनापासून केलेली आहे. टाके नीट, तारांना वळण दिलेलं, रिकाम्या जागेत पुन्हा डांबर ओतलेलं. असं काम करणाऱ्याने आत एक कागदाची पट्टी टाकून तारीख लिहिली असती तर मी त्याला मनातून नमस्कार केला असता.

कंडेन्सर बदलणं हा गुन्हा नाही, उलट बहुतेक वेळा गरज आहे. मूळ कंडेन्सर म्हणजे मेण लावलेला कागद आणि धातूचा वर्ख यांची घडी. शंभर वर्षांत कागद ओल धरतो आणि वीज गळायला लागते. पॉइंट उघडताना त्यांच्यात जळणारी ठिणगी शोषून घेणं हे कंडेन्सरचं काम. तो गळका असला की पॉइंट जळतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळट, अशक्त पडते. इथे एका चुकीपासून सावध करतो. साध्या मल्टिमीटरवर गळका कंडेन्सर बऱ्याचदा आहे त्यापेक्षा मोठा आकडा दाखवतो आणि माणसाला वाटतं, वा, भरपूर आहे! मेगर, म्हणजे जास्त दाब देऊन विजेची गळती मोजणारं मीटर, लावून बघितल्याशिवाय जुना कंडेन्सर पास करू नका. अ आणि ब दोन्हींचे कंडेन्सर मेगरवर नापास झाले.

अ कॉइलचं दुखणं त्याहून मोठं निघालं. तिची दुसरी गुंडाळी आतून तुटलेली आहे. केसाहून बारीक तार, थरावर थर आणि प्रत्येक थरामध्ये कागद. माझा हा धंदाच आहे, मी ती भरू शकतो. दोन दिवस ती कॉइल टेबलावर समोर ठेवून विचार करत होतो आणि हात शिवशिवत होते. पण ती भरली की खोकं तेवढं जुनं राहणार, आतली गुंडाळी माझी होणार. ताईंना विचारल्याशिवाय मी तिला हात लावला नाही.

आता चालण्याचं. या कॉइल तपासायला हाताने फिरवायचं खास टेस्टर असतं, फोर्डच्या विक्रेत्यांकडे असायचं तसलं. त्याच्या आत टी मॉडेलचाच मॅग्नेटो असतो. हँडल फिरवलं की वरच्या कड्यावर ठिणग्या पडतात, एका फेऱ्यात १६, सारख्या अंतरावर. एकाच जागी दोन ठिणग्या पडल्या तर कॉइल नीट लावलेली नाही. अँपिअरचा काटा १.३च्या आसपास हवा. नुसती बॅटरी लावून ‘गुणगुणते म्हणजे चांगली आहे’ असं समजणारे पुष्कळ भेटतात. गुणगुणणं म्हणजे जिवंत आहे एवढंच, वेळेवर ठिणगी देते की नाही ते आवाजावरून कळत नाही.

क कॉइल पहिल्याच फेऱ्यात १.३वर, १६ ठिणग्या ओळीने. ब कॉइलला नवा कंडेन्सर दिला आणि तीही सरळ झाली. ड कॉइलने १.९ खाल्ले आणि चार-पाच ठिकाणी दुहेरी ठिणगी टाकली. तिचा दोष वरच्या पट्टीत होता. पॉइंटच्या वरच्या पट्टीला एक छोटी उशीची स्प्रिंग असते. तिला सुमारे ०.००५ इंच हालचाल मिळायला हवी, म्हणजे खालची पट्टी वेग घेऊन मग एका झटक्यात पॉइंट तोडते. ड कॉइलमध्ये ही हालचाल शून्य होती, स्प्रिंग रिव्हेटखाली आवळून बसवलेली. ती मोकळी करून, पॉइंटमधलं अंतर एक बत्तिसांश इंचाला आणून पुन्हा फिरवलं. १.३५ आणि ओळीने १६. म्हणजे नवी असली तरी कॉइल वाईट नाही. तिच्यात सोळा आणे काम करण्याची ताकद आहे. मला राग आहे तो तिला १९२१ची म्हटल्याचा.

सुटे पॉइंट पाकिटातच राहू द्या. त्यांच्या नटांवर हिरवट-पिवळी इंद्रधनुषी झाक आहे. जस्ताच्या मुलाम्यावर दिलेल्या नंतरच्या काळातल्या पॅसिव्हेशनची, म्हणजे गंज रोखणाऱ्या रासायनिक थराची, ती खूण आहे. त्या काळच्या पितळी किंवा निकेल दिलेल्या भागांवर ती दिसत नाही. असंच क्रोमचंही आहे. गाड्यांवर क्रोम १९२०च्या दशकाच्या शेवटाकडे आलं, त्याआधी चमक निकेलची. निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार असते, क्रोमची निळसर थंड. फुलीच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू दिसला तर तो भाग किंवा निदान तो स्क्रू १९३०च्या दशकाच्या आधीचा नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तरी दुरून बरंच कळतं.

पॉइंटच्या टिकल्यांबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या धंद्यात अजूनही जुने मेकॅनिक कॉन्टॅक्ट पॉइंटला ‘प्लॅटिनम’ म्हणतात. “साहेब, प्लॅटिनम घासून देतो” असं म्हणतात आणि घासतात टंगस्टन. हे नाव खऱ्या प्लॅटिनमच्या काळातून उरलेलं आहे. सुरुवातीच्या मॅग्नेटोंना आणि कॉइलना प्लॅटिनमच्या टिकल्या असत, कारण प्लॅटिनम जळत नाही, काळं पडत नाही. १९१०च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची तार ओढता येईल असं ते लवचीक केलं आणि पुढे टंगस्टन स्वस्तात मिळायला लागल्यावर प्लॅटिनम मागे पडलं. पांढरीशुभ्र मऊ टिकली दिसली तर कानस लावू नका. करडी आणि कठीण असेल तर टंगस्टन.

वायरिंगकडे येतो. चार रंगांच्या धाग्यांनी विणलेली सुती वेष्टणाची वायर, वर लाखेचा हात. बघायला अगदी देखणी. रंग फिके पडलेले, तांबड्याचा विटकरी झालेला. मी बांधणीचा दोरा एका जागी सोडवला. दोऱ्याखाली उजेड पोचत नाही, तिथे रंग ताजा असायला हवा होता. तिथेही तोच विटकरी. म्हणजे धागाच विटकरी रंगवलेला आहे. मग एक धागा ओढून काडीने पेटवला. सूत पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे चिमटीत चुरगळणारी राख राहते. हा धागा आखडला आणि टोकाला कडक मणी झाला. पॉलिस्टर.

वायरच्या कापलेल्या टोकात अजून एक खूण असते आणि ती मला सगळ्यात सुंदर वाटते. त्या काळी सुती वेष्टणाखाली रबर असायचं. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात आणि गंधक तांब्याला खातं, काळं करतं. म्हणून रबराच्या वायरमधली तांब्याची तार कल्हई करून घेत. घरातल्या पातेल्याला जे कारण, तेच वायरला. तेव्हा खऱ्या जुन्या वायरचं टोक सोललं की तार चंदेरी दिसते. आमच्या संचातल्या वायरीत रबराऐवजी प्लास्टिक आणि आत लालभडक उघडं तांबं होतं. वापरायला ही वायर जुन्यापेक्षा सुरक्षित आहे, हे मी स्वतः सांगतो. शंभर वर्षांचं रबर वाकवलं की तडकतं आणि इंजिनजवळ उघडी तार नको. गाडीत मी हीच वायरिंग घातली आहे. फक्त मूळ म्हणू नका.

टायमर मात्र खरा. कवच जुनं, आतल्या कड्यावर लाल-तपकिरी फायबर, मधे चार पोलादी पट्ट्या. फायबर म्हणजे सुती चिंध्यांच्या कागदावर झिंक क्लोराइडची प्रक्रिया करून दाबलेला पत्रा. त्याची कापलेली कड एकसंध दिसते, चामड्यासारखी. नकली टायमरमध्ये बहुधा कापडावर राळ दाबलेली शीट असते, तिच्या कडेला विणीचे थर मोजता येतात. इथे थर नव्हते. पण ‘न वापरलेला’ कसा म्हणायचा? फायबर पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे रोलर फिरून फिरून फायबर आधी झिजतं आणि प्रत्येक पट्टीच्या तोंडाशी पायरी तयार होते. बोट फिरवलं की चारही पायऱ्या लागतात. वेगात रोलर या पायरीवर उडी मारतो आणि ठिणगी चुकते. कडं लेथवर हलक्या हाताने सारखं करून घ्यावं लागलं.

प्लगांवर फार लिहीत नाही. चँपियन एक्स, टी मॉडेलची जुनी ओळख. यांचे आटे अर्धा इंच पाइपचे, म्हणजे निमुळते, आणि निमुळत्या आट्यातच ते घट्ट बसतात, वॉशर लागत नाही. तिघांच्या चिनीमातीवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं आहे आणि आतला भाग नट सोडवून वेगळा काढता येतो. चौथ्याची चकाकी कपासारखी कोरी आणि धातूवर तीच जस्ताची झाक. चारही ठिणगी नीट देतात.

इथे संच सोडून जरा बाजूला जातो, कारण साहित्य ओळखण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवलं ते एका मॅग्नेटोने. एका स्नेह्याने त्याच्या युरोपियन गाडीसाठी ‘१९१२चा बॉश मॅग्नेटो’ म्हणून घेतलेला मॅग्नेटो माझ्याकडे आणला होता. बॉशचा उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी तयार केला. त्यांनीच पुढे १९१८मध्ये वर्तुळातल्या आर्मेचरची ती सगळ्यांना माहीत असलेली खूण काढली. स्नेह्याच्या मॅग्नेटोवर ती वर्तुळातली खूण छापलेली होती. १९१२च्या वस्तूवर १९१८ची खूण कशी येईल? खूण असलेली पट्टी नंतर बदललेलीही असू शकते, म्हणून आम्ही पुढे बघितलं. मॅग्नेटोतून एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या वितरकाची काळी चकती एबोनाइटची आहे का बेकलाइटची? बेकलाइट लिओ बेकलंड यांनी १९०७मध्ये शोधलं, एबोनाइट त्याच्या कितीतरी आधीचं, नेल्सन गुडइयर यांचं पेटंट १८५१चं. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्याने जोरात घासलं की गंधकाचा वास येतो आणि वर्षानुवर्षं उजेड लागलेली बाजू काळी न राहता तपकिरी-हिरवट होते. बेकलाइट घासून गरम केलं की औषधी, नाकाला टोचणारा वास येतो. ती चकती एका बाजूने हिरवट आणि गंधकाचा वास देणारी निघाली, म्हणजे चकती जुनी असावी आणि पट्टी नंतरची. गरम सुई टोचून बघण्याचा सल्ला देणारे असतात. कृपा करून टोचू नका. जुन्या चकतीला पडलेलं भोक भरून येत नाही आणि उच्च दाबाची वीज त्या भोकातून वाट शोधते. अंगठा आणि नाक पुरतं.

पुन्हा आमच्या संचाकडे. खऱ्या जुन्या म्हणून ठरलेल्या अ आणि ब कॉइलबद्दलही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या जुन्या आहेत, पण १९२१च्याच आणि गाडीच्याच आहेत असं मी लिहून देणार नाही. टी मॉडेल १९०८ ते १९२७ अशी चालली, दीड कोटीहून जास्त गाड्या झाल्या आणि प्रत्येकीत चार कॉइल. शिवाय फोर्डसन ट्रॅक्टरलाही याच जातीचं इग्निशन होतं आणि छोट्या स्थिर इंजिनांवरही लोकांनी या कॉइल लावल्या. सुरुवातीच्या गाड्यांत किंगस्टन, हाइन्झ, के-डब्ल्यू अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉइल यायच्या आणि त्या एकमेकींच्या पेटीत बसत नसत. पुढे के-डब्ल्यूच्या नमुन्यावर एकच माप ठरलं, म्हणून नंतरच्या कॉइल सहज अदलाबदल होतात आणि शंभर वर्षांत झालेल्याही आहेत. तेव्हा विक्रेता साल सांगतो तेव्हा कशावरून ते विचारा. आमच्या विक्रेत्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

त्याला मी फोटो काढून सगळं लिहून पाठवलं. भांडण नाही, फक्त काय सापडलं ते. दोन दिवसांत उत्तर आलं की त्याने स्वतः हा संच असाच विकत घेतला होता आणि त्याला वाटलं तसं त्याने लिहिलं. ड कॉइल आणि चौथा प्लग परत घ्यायला तो तयार झाला. पॅकिंगबद्दल मात्र त्याला पूर्ण गुण. प्रत्येक कॉइल वेगळ्या कापडात, पॉइंटवर लाकडी पाचर, प्लगच्या चिनीमातीला कापूस, पेटीत सिलिकाच्या पुड्या. ओल हा या लाकडाचा शत्रू आहे. डॅशवरच्या पेटीतलं लाकूड ओल धरून वीज पळवतं आणि गाडी पावसाळ्यात बंद पडते, हे त्याला ठाऊक असावं. ज्याला एवढं कळतं त्याला जाहिरातीत ‘मूळ’ शब्द जपून वापरायलाही जमलं असतं. ते त्याने केलं असतं तर मी पाच तारे दिले असते, कारण किमतीच्या मानाने वस्तू कमी पडत नाहीत.

घ्यायचा का, असं कुणी विचारलं तर गाडी चालवणाऱ्याने घ्यावा, पण टेस्टरवर चढवल्याशिवाय कॉइल गाडीत घालू नये. मूळ भागांसाठी गाडी दाखवायला नेणाऱ्याने आधी तीन फोटो मागवावेत: कोपऱ्याच्या जोडाचा जवळून, वायरच्या सोललेल्या टोकाचा आणि टायमरच्या आतल्या कड्याचा. चौथा मागायची गरज पडणार नाही.

ताईंना मी सगळी यादी वाचून दाखवली. अ कॉइलपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, “काका, भरली तर चालेल ना?”

“चालेल. पण मग आतली तार माझी असेल.”

त्यांनी ती हातात घेऊन थोडा वेळ वास घेतला, डांबराचा. मग म्हणाल्या, “मग ही राहू द्या अशीच. गाडीत दुसरी घाला.”

ड परत पाठवली नाही. ती आता चौथ्या सिलिंडरच्या जागी आहे, तळाला माझी चिठ्ठी चिकटवून: ‘नवी. उशीची स्प्रिंग मोकळी केली. १.३५.’ पहिल्या जागी माझ्याकडची एक जुनी, दुरुस्त केलेली कॉइल आहे, तिलाही चिठ्ठी आहे. बॅटरीवर सुरू करून चावी मॅगवर, म्हणजे मॅग्नेटोवर, फिरवली तेव्हा इंजिन एकदाही अडखळलं नाही. अ कॉइल सुती कापडात गुंडाळून मागच्या सीटखालच्या डब्यात ठेवली आहे.